वर्स्लीचा ड्यूक आणि खाणीतलं पाणी

१७४८ साली अकरा वर्षांचा एक मुलगा ड्यूक झाला, आणि घरात कुणालाच त्याचं फारसं कौतुक वाटलं नाही. फ्रान्सिस एगर्टन, ब्रिजवॉटर घराण्याचा तिसरा ड्यूक. वडील, स्क्रूप एगर्टन, तीन वर्षांपूर्वी वारले होते. आई, लेडी रेचल रसेल, हिने त्याच वर्षी सर रिचर्ड लिटलटनशी दुसरं लग्न लावलं होतं. थोरला भाऊ जॉन दुसरा ड्यूक झाला खरा, पण वयाच्या विसाव्या वर्षीच गेला. उरला हा धाकटा. तब्येतीने किरकोळ, शिक्षणात मागे, बोलण्यात गबाळा. त्याची बुद्धी इतकी मंद आहे की त्याला वगळून पुढच्या नातलगाला वारस करावं का, इथपर्यंत विचार झाला होता असं सांगतात. पालक म्हणून नेमले गेले ते मामाकडचे बेडफर्डचे ड्यूक आणि बहिणीचा नवरा लॉर्ड गोवर.

या मुलाने पुढे जे केलं ते इंग्लंडच्या इतिहासाच्या पुस्तकांत ‘कालव्यांचा जनक’ अशा दोन शब्दांत उरकलेलं असतं. सोबत एक प्रेमभंगाची गोष्ट असते, लंडनची सर्वांत देखणी बाई त्याला मिळाली नाही म्हणून तो उत्तरेकडे निघून गेला आणि कालवा खणत बसला, अशी. ती गोष्ट वाचायला गोड आहे, पण या माणसाच्या आयुष्याचा खरा कणा तिच्यात नाही. तो कोळशाच्या खाणीत साचणाऱ्या पाण्यात आहे.

एगर्टन मंडळींची मोठी जहागीर लंडनच्या वायव्येला अ‍ॅशरिजला होती. राहणं, शिकारी, मेजवान्या सगळं तिथे. लँकशायरमधलं वर्स्ली हे त्या मानाने आडवळणाचं गाव, मँचेस्टरपासून सातेक मैलांवर. जमीन पाणथळ, जवळच चॅट मॉस नावाची अफाट दलदल. पण जमिनीखाली कोळसा होता. डोंगराच्या कडेला थर उघडे पडत आणि तिथून आत आत खोदत जायचं. जितकं आत जावं तितकं पाणी. पावसाचं पाणी खडकाच्या फटींतून झिरपून खाणीच्या तळाशी साचतं. उपसायला घोड्यांची चाकं लावावी लागतात, नाहीतर वाफेचं इंजिन, जे त्या काळात महागडं आणि कोळसा खाणारं होतं. पाणी उपसण्याचा खर्च कोळशाच्या किमतीच्या वर गेला की तो थर सोडून द्यायचा, असा साधा हिशेब.

याला जुना उपाय होता निचऱ्याचा बोगदा. डोंगराच्या पायथ्यापासून, खाणीच्या तळाहून खालच्या पातळीवर, अगदी थोडा उतार ठेवून आत आडवा बोगदा खणायचा. थरांतलं पाणी आपोआप त्यात उतरतं आणि बाहेर वाहून जातं. वर्स्लीत हे वडिलांच्या काळापासून चालू होतं. १७३७ साली त्यांनी वर्स्लीचा ओढा होड्यांना चालण्याजोगा करायचा कायदासुद्धा पार्लमेंटकडून मिळवला होता. काम मात्र झालं नाही. म्हणजे कोळसा पाण्यावरून नेण्याची कल्पना पोराला अचानक सुचली नव्हती. ती घरातच पडून होती, कुणी हात लावण्याची वाट पाहत.

सतराव्या वर्षी त्याला उमरावांच्या रिवाजाप्रमाणे युरोपच्या सफरीवर पाठवलं गेलं. सोबत शिक्षक म्हणून रॉबर्ट वुड, पाल्मिराचे अवशेष पाहून त्यावर ग्रंथ लिहिणारा विद्वान. रोममध्ये संगमरवरी पुतळे खरेदी झाले, आणि म्हणतात की ते खोक्यांतून बाहेरच आले नाहीत. फ्रान्समध्ये मात्र त्याचं लक्ष लागलं. लांगदॉकचा कालवा त्याने पाहिला, १६८१ साली पुरा झालेला, सुमारे २४० किलोमीटरचा, गारोन नदीला भूमध्य समुद्राशी जोडणारा. डोंगरमाथ्यावर तलाव बांधून तिथून दोन्ही बाजूंना पाणी सोडलेलं. इंग्लंडमध्ये तेव्हा असं काही नव्हतं. असलेल्या नद्या खोल करायच्या, वळणं कापायची, एवढ्यावरच तिथलं जलवाहतुकीचं काम थांबलेलं होतं.

प्रेमाची गोष्टही सांगून टाकतो. एलिझाबेथ गनिंग, आयर्लंडहून आलेल्या दोन सुंदर बहिणींपैकी एक. हॅमिल्टनच्या ड्यूकची विधवा. १७५८ मध्ये ब्रिजवॉटरचं तिच्याशी लग्न ठरलं. तिची बहीण मारिया, लेडी कॉव्हेंट्री, हिच्या वागण्याची शहरभर चर्चा होती. तिच्याशी संबंध तोड, असा आग्रह ड्यूकने धरला, एलिझाबेथने तो मानला नाही आणि लग्न मोडलं. मार्च १७५९ मध्ये तिने जॉन कॅम्पबेलशी लग्न केलं. तो पुढे आर्गाइलचा ड्यूक झाला. त्याच मार्चमध्ये ब्रिजवॉटरच्या कालव्याचा पहिला कायदा मंजूर झाला. तारखा अशा जवळजवळ आल्या की गोष्ट आपोआप जुळते. पण कायद्यासाठी पार्लमेंटकडे अर्ज गेला तो १७५८ च्या नोव्हेंबरात. अर्जापूर्वी मोजणी लागते, जमीनमालकांची यादी लागते, खर्चाचा अंदाज लागतो. जॉन गिल्बर्ट नावाचा त्याचा कारभारी वर्स्लीत ही कामं आधीपासून करत होता. लग्न मोडल्यामुळे ड्यूक लंडनच्या बैठकांतून उठला आणि पुन्हा कधी कुणाशी लग्नाचं बोलला नाही, इतकं खरं मानायला हरकत नाही. कालवा त्यातून निघाला असं मानणं हा गिल्बर्टवर अन्याय आहे.

गिल्बर्ट बंधू दोन. थोरला थॉमस, लॉर्ड गोवरचा कारभारी. धाकटा जॉन, खाणी आणि चुनखडीच्या धंद्यात मुरलेला. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची कल्पना जॉनची आहे. निचऱ्याचा बोगदा नुसता गटारासारखा न ठेवता इतका रुंद करावा की त्यातून होडी जाईल. मग एकाच खोदकामात तीन कामं होतात. खाण कोरडी होते, बाहेरच्या कालव्याला कायमचं पाणी मिळतं, आणि कोळसा जिथे फुटतो तिथूनच होडीत पडून मँचेस्टरपर्यंत जातो, मध्ये एकदाही विहिरीतून वर न ओढता. ज्या पाण्याने खाणी बुडत होत्या त्याच पाण्यावर कोळसा चालवायचा. ही युक्ती कागदावर इतकी सरळ दिसते की ती आधी कुणाला का सुचली नाही असं वाटतं. उत्तर असं की तिच्यासाठी खाण, बोगदा, कालवा आणि वाटेतली जमीन यांचा विचार एकाच डोक्यात व्हावा लागतो आणि पैसाही एकाच हातातून यावा लागतो. वारसाहक्काने मिळालेल्या जहागिरीचा असा उपयोग करणारे उमराव फार थोडे होते.

१७५९ मध्येच जेम्स ब्रिंडली या मंडळींत आला. डर्बीशायरचा, गिरण्यांची यंत्रं दुरुस्त करणारा कारागीर. लिहिणं जेमतेम, शब्द जसे तोंडून निघत तसे तो वहीत उतरवायचा. अवघड प्रश्न आला की अंथरुणावर पडून राहायचा आणि डोक्यातल्या डोक्यात सगळं बांधून झालं की उठायचा. त्याने पहिल्या आराखड्यात मोठा बदल करायला लावला. मूळ बेत कालवा अरवेल नदीच्या उत्तरेकडूनच सॅलफर्डपर्यंत नेण्याचा होता. नवा बेत असा की बार्टनला नदी ओलांडायची, आणि तीही खाली उतरून नव्हे, वरून. १७६० मध्ये त्यासाठी दुसरा कायदा झाला.

खाली उतरायचं म्हणजे लॉक आले. लॉक म्हणजे दोन दरवाज्यांमधली पाण्याची खोली. होडी आत घ्यायची, दार लावायचं, पाणी सोडून पातळी खाली आणायची, पुढचं दार उघडायचं. दर खेपेला खोलीभर पाणी वरच्या कालव्यातून खाली निघून जातं. वेळ जातो, पाणी जातं, आणि नदीला पूर आला की किंवा ती आटली की होड्या खोळंबतात. शिवाय अरवेलवर मर्सी-अरवेल नदी कंपनीचा हक्क होता, आणि ती टनामागे जकात घ्यायची. ड्यूकने सवलत मागितली होती, कंपनीने ती दिली नव्हती. एकाच पातळीवर ठेवलेला कालवा या सगळ्यांतून सुटतो. एका टोकाला खाणीचं पाणी सतत येतं आणि खर्ची पडतं ते फक्त बाष्पीभवनात आणि झिरपण्यात. समुद्रसपाटीपासून सुमारे ८३ फुटांची ती पातळी ब्रिंडलीने शेवटपर्यंत सोडली नाही. वर्स्लीपासून मँचेस्टरपर्यंत एकही लॉक नाही. टेकडी आली तर वळसा, खोलगट भाग आला तर भराव.

बार्टनचा जलसेतू वालुकाश्माच्या तीन कमानींचा होता, लांबी सुमारे २०० यार्ड, नदीपासून ३९ फूट उंच. खालून नदीतली जहाजं, वरून कोळशाच्या होड्या. एका नामांकित इंजिनिअरला हा बेत दाखवला तेव्हा त्याने तो हवेतला किल्ला ठरवला होता. त्याची शंका अगदीच पोकळ नव्हती. पाणी जड असतं, त्याला धरून ठेवणारी माती त्याहून जड, आणि दोन्ही दगडी कमानीच्या पाठीवर ठेवायचे. गळती झाली तर पाणी सांध्यांत शिरून चुना धुऊन नेतं आणि कमान आतून सैल होते.

गळती रोखायला ब्रिंडलीने वापरली मळलेली चिकणमाती. नुसती शुद्ध चिकणमाती चालत नाही, कारण ती वाळली की आकसते आणि तडा जातो. तिच्यात जाडी वाळू आणि दुमट माती मिसळायची, पाणी घालत फावड्याने उभं-आडवं चिरत राहायचं, आतली हवा आणि ढेकळं निघून लोण्यासारखा एकजीव लगदा होईपर्यंत. मग तो नऊ-दहा इंचांच्या थरांनी घालायचा. खालचा थर ओला असतानाच वरचा घालायचा आणि फावडं खालच्या थरात उतरवून दोघांना सांधायचं. दोन थरांच्या मध्ये कोरडी रेघ राहिली तर पाणी नेमकं तीच वाट धरतं. तळाशी आणि बाजूंना असा जवळजवळ तीन फूट जाडीचा लेप होतो. गुरं हाकून तो तुडवून घेण्याचीही पद्धत होती. एकदा घातला की त्यावर पाणी ठेवायचं आणि कालवा कधीही पूर्ण कोरडा पडू द्यायचा नाही. पार्लमेंटच्या समितीला पटवण्यासाठी ब्रिंडलीने माती आणि पाणी सभागृहातच आणून, हौद करून दाखवला होता अशी आख्यायिका आहे. चीजमध्ये कोरून जलसेतूचा नमुना दाखवल्याचीही गोष्ट सांगतात. या गोष्टी शब्दश: घेऊ नयेत, पण बोलण्यापेक्षा करून दाखवण्याकडे त्याचा ओढा होता हे त्यातून बरोबर कळतं.

जलसेतूवर पहिल्यांदा पाणी सोडलं तेव्हा तीनपैकी एक कमान वाकू लागली. ब्रिंडली हादरला आणि त्याने अंथरूण धरलं. निस्तरलं ते जॉन गिल्बर्टने. कमानीच्या बाजूंवर मातीचा भार जास्त झाला आहे हे त्याने ओळखलं. कमान सगळीकडून बेताने दाबली गेली तर टिकते. कडांवर जास्त आणि माथ्यावर कमी वजन पडलं की माथा वर उचलला जातो. गिल्बर्टने माती काढवली, पेंढ्याचे थर टाकले, त्यावर ताजी मळलेली माती हलक्या हाताने घातली आणि पुन्हा पाणी सोडलं. १७ जुलै १७६१ रोजी पहिली होडी नदीवरून पार गेली. हा जलसेतू १८९३ पर्यंत उभा होता. मँचेस्टर शिप कॅनॉलच्या मोठ्या जहाजांना वाट द्यायची म्हणून तो पाडला, आणि त्याच्या जागी बांधलेला फिरणारा लोखंडी जलसेतू आजही आपल्या पोटातल्या पाण्यासकट आडवा वळतो.

पुढे स्ट्रेटफर्डजवळ मर्सी नदीच्या सखल कुरणांतून मोठा भराव घालायचा होता. बैलगाड्यांनी माती आणली असती तर वर्षं लागली असती. ब्रिंडलीने तयार झालेल्या कालव्यातूनच होड्या पुढे आणल्या, मागच्या खोदकामातली माती त्यांत भरलेली, तळाला उघडणारी दारं. भरावाच्या टोकाला लाकडी हौदात होड्या आणून माती सोडायची, भराव थोडा पुढे सरकवायचा, कालवा तेवढा वाढवायचा. दुसरी धास्ती भराव फुटण्याची. तसं झालं तर मैलोन्मैल पाणी त्या एका भोकातून निघून जाईल आणि शेतं बुडतील. त्यासाठी कालव्याच्या तळाशी बिजागऱ्यांवर आडवी दारं ठेवली. पाणी स्थिर असेल तर ती पडून राहतात. कुठे फूट झाली आणि पाणी जोरात धावू लागलं की त्या प्रवाहानेच ती उभी राहतात आणि तेवढाच तुकडा रिकामा होतो.

मँचेस्टरच्या कासलफील्डला कालवा टेकडीच्या पायथ्याशी संपत होता आणि शहर वर होतं. गोरगरिबांनी कोळशाचं ओझं चढावरून वाहून नेऊ नये आणि भाव वाढू नये म्हणून होड्या टेकडीच्या पोटात बोगद्याने नेल्या, वर उभी विहीर खणली आणि पाणचक्कीवर चालणाऱ्या यारीने कोळशाच्या पेट्या थेट रस्त्याच्या पातळीला उचलल्या. कोळसा वर्स्लीपासूनच पेट्यांत भरलेला असे. एकदा भरला की शेवटी एकदाच उपसायचा.

फरक किती पडला? पूर्वी एका घोड्याच्या पाठीवर सव्वाशे किलोच्या आसपास कोळसा यायचा, आणि मँचेस्टरला पोहोचेपर्यंत त्याची किंमत खाणीच्या तोंडाशी होती त्याच्या दुप्पट व्हायची. तोच घोडा काठाच्या वाटेवरून दोर खेचत निघाला की पंचवीस-तीस टन ओढतो, कारण स्थिर पाण्यात संथ चालणाऱ्या होडीला विरोध फार थोडा. कायद्यानेच ड्यूकवर बंधन होतं की मँचेस्टरमध्ये कोळसा हंड्रेडवेटला, म्हणजे साधारण पन्नास किलोला, चार पेन्सपेक्षा जास्त भावाने विकायचा नाही. भाव निम्म्यावर आला. आपल्याकडे मँचेस्टर म्हटलं की कापडच आठवतं, इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात ते त्यामुळेच. पण १७६१ साली तिथे वाफेवर चालणारी एकही कापड गिरणी नव्हती. ड्यूकचा कोळसा आधी चुलींत आणि भट्ट्यांत गेला. स्वस्त इंधन शहरात आधी आलं आणि वाफेच्या गिरण्या नंतर उभ्या राहिल्या, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

जमिनीखालचं वर्स्ली हे त्याहून अद्भुत. दगडाच्या खाणीतल्या कड्याला दोन काळी भोकं, त्यातून बाहेर येणारं गंजाच्या रंगाचं पाणी. खडकांतलं लोह मिसळल्यामुळे ते नारिंगी दिसतं. आतले कालवे वाढत वाढत चार पातळ्यांवर मिळून ४६ मैलांपर्यंत गेले. होड्या लांबट आणि अरुंद, बाजूच्या फासळ्या उघड्या दिसणाऱ्या, म्हणून त्यांना उपाशी होड्या म्हणत. मोठ्यांत बारा टन कोळसा मावायचा, तर रुंदी जेमतेम साडेचार फूट. ओढायला आत घोडा नाही. भिंतीला बसवलेल्या कड्यांना धरून माणूस होडी पुढे ढकलायचा, आणि बाहेर पडताना आत तुंबवलेलं पाणी दार उघडून सोडलं की त्या लोंढ्यावर भरलेल्या होड्यांची माळ बाहेर यायची. १७९७ मध्ये वरच्या आणि मुख्य पातळीला जोडणारा १५१ यार्डांचा उतार आत खडकात तयार झाला, चारास एक चढ. भरलेली होडी खाली उतरताना तिच्या वजनाने रिकामी वर ओढली जायची.

या अंधारात माणसं काम करत होती, बायका आणि लहान मुलंही, त्यांना खाणीत उतरवायला बंदी घालणारा १८४२ चा कायदा येईपर्यंत. ड्यूक कामगारांना घरं द्यायचा, पण वेळेबाबत अजिबात सूट देत नसे. जेवणाच्या सुट्टीनंतर लोक उशिरा येतात अशी तक्रार झाली. लोकांचं म्हणणं, बाराचे बारा ठोके ऐकू येतात, एकचा एकच ठोका ऐकू येत नाही. त्याने घड्याळाचं यंत्र बदलवून घेतलं. एक वाजता तेरा ठोके पडू लागले, आणि वर्स्लीच्या सेंट मार्क चर्चमध्ये ते घड्याळ अजूनही तसंच वाजतं.

पैशाची कहाणी याहून कठीण आहे. १७६२ मध्ये तिसरा कायदा झाला, मर्सीच्या मुखाकडे रंकॉर्नपर्यंत कालवा वाढवायचा, म्हणजे मँचेस्टर लिव्हरपूलच्या बंदराला जोडलं जाईल. सडकेने माल न्यायला टनाला ४० शिलिंग, नदीने १२. ड्यूकने सहा शिलिंगांची हमी दिली. पण बांधकाम स्वत:च्या खिशातून. १७६५ मध्ये लंडनच्या चाइल्ड बँकेकडून जहागीर गहाण ठेवून २५,००० पौंड घेतले. त्याची पत इतकी खालावली की लिव्हरपूलमध्ये त्याची ५०० पौंडांची हुंडी वटवायला कुणी तयार नव्हतं असं सांगतात. गिल्बर्ट घोड्यावरून कुळांकडे फिरायचा, खंड गोळा करायचा आणि शनिवारी मजुरी वाटायचा. ड्यूकने स्वत:चा वर्षाचा खर्च ४०० पौंडांवर आणला. रंकॉर्नला दहा लॉकची पायरी १७७३ च्या पहिल्या दिवशी सुरू झाली, तरी मधला तुकडा अडलेलाच होता. नॉर्टन प्रायरीच्या सर रिचर्ड ब्रुक यांना आपल्या बागेजवळून होड्यांची वर्दळ नको होती. त्यांच्याशी तडजोड होऊन सलग कालवा खुला व्हायला १७७६ उजाडलं. तोपर्यंत ब्रिंडली जाऊन साडेतीन वर्षं झाली होती. त्याच्या विधवेला नवऱ्याच्या थकलेल्या मोबदल्यासाठी ड्यूककडे पत्रं लिहावी लागली, ही या माणसाच्या काटकसरीची न आवडणारी बाजू.

कालव्याला एकूण सव्वादोन लाख पौंडांच्या आसपास खर्च आला. पुढे खाणी वाढवताना कर्ज तीन लाखांवर गेलं. मग मात्र ओघ उलटला. लिव्हरपूलहून मँचेस्टरकडे कापूस येऊ लागला, आणि तो पिकवणारे बहुतांश अमेरिका खंडातले गुलाम होते, हेही या नफ्याच्या खात्यात मांडायला हवं. शेवटच्या वर्षांत वार्षिक उत्पन्न ८०,००० पौंडांपर्यंत गेल्याचं सांगतात. १७९७ मध्ये सरकारच्या युद्धकर्जाला त्याने एकरकमी एक लाख पौंड दिले. १७९८ मध्ये पुतळ्यांची खोकी न उघडणाऱ्या या माणसाने भाचा गोवर आणि कार्लाइलचे अर्ल यांच्यासोबत फ्रान्सच्या ऑर्लेआँ घराण्याची ३०५ इटालियन आणि फ्रेंच चित्रं ४३,००० पौंडांना उचलली. ९४ चित्रं तिघांनी ठेवून घेतली, बाकीची प्रदर्शन भरवून विकली, आणि विक्रीतून व तिकिटांतून बहुतेक खर्च भरून निघाला. टिशियनची डायानाची दोन मोठी चित्रं त्यातलीच. २००९ आणि २०१२ मध्ये ती ब्रिटनने सार्वजनिक संग्रहासाठी पाच कोटी आणि साडेचार कोटी पौंडांना विकत घेतली.

८ मार्च १८०३ रोजी तो लंडनमध्ये वारला. लग्न नाही, मूल नाही. ड्यूकची पदवी त्याच्यासोबत संपली. अर्लची पदवी आणि अ‍ॅशरिज चुलत घराण्यातल्या जॉन विल्यम एगर्टनकडे गेलं. त्याच्यानंतर आलेला आठवा अर्ल पॅरिसमध्ये कुत्र्यांना कपडे घालून टेबलावर जेवायला बसवण्यासाठी प्रसिद्ध होता, आणि १८२९ मध्ये त्याच्याबरोबर तीही पदवी विझली. त्याने जमवलेली हस्तलिखितं मात्र ब्रिटिश लायब्ररीत एगर्टन या नावाने जपलेली आहेत.

कालवा आणि खाणी यांची व्यवस्था ड्यूकने वेगळी लावली होती, आणि इथे त्याचा स्वभाव पूर्ण दिसतो. बाप आणि भाऊ लागोपाठ गेल्यावर घर कसं विस्कटतं हे त्याने लहानपणी पाहिलं होतं. वारसावर भरवसा ठेवायची त्याची तयारी नव्हती. मालमत्ता तीन विश्वस्तांकडे सोपवली, आणि कारभार रॉबर्ट हॅल्डेन ब्रॅडशॉ या एकाच माणसाच्या हाती, जवळजवळ अनिर्बंध. नफा खायचा भाच्याने, बहीण लुइसाच्या मुलाने, जॉर्ज ग्रॅनव्हिल लेव्हसन-गोवरने. पण कारभारात त्याला बोलायचा अधिकार नाही. त्याच्यानंतर नफा त्याच्या धाकट्या मुलाला, आणि त्या मुलाने एगर्टन आडनाव घ्यायचं. कायद्याने मालमत्ता जितका काळ बांधून ठेवता येते तितका काळ ही व्यवस्था चालावी अशी तजवीज होती. त्या वेळी हयात असलेल्या ठरावीक व्यक्तींपैकी शेवटची जाईपर्यंत, आणि त्यानंतर आणखी वीस वर्षं.

दोष या रचनेतच होता. ब्रॅडशॉचं काम नफा वर पाठवणं, आणि भाच्याचा हक्क तो घेणं. कालव्यात परत पैसा घालायला दोघांनाही फारसं कारण नव्हतं. गोद्या अपुऱ्या पडल्या, दर चढे राहिले, मँचेस्टरचे व्यापारी वैतागले आणि त्यांनी लोहमार्गाची मागणी लावून धरली. रुळांची भीती ड्यूकला स्वत:लाच वाटत असे, तसं तो बोलूनही गेला होता. ब्रॅडशॉने रेल्वेला कडवा विरोध केला, पण नफा खाणाऱ्या भाच्याने तिचेच १,००० शेअर घेतले, एकूण भांडवलाच्या पाचवा हिस्सा. १८३० मध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे धावू लागली.

आणि तो नफा गेला कुठे? भाच्याची बायको स्कॉटलंडमधल्या सदरलँडची वारसदार काउंटेस होती. तिच्या अफाट, गरीब मुलखात रस्ते, पूल आणि मेंढ्यांची कुरणं करायचं दोघांनी मनावर घेतलं. त्यासाठी लागणारा पैसा तिथल्या खंडातून निघणं शक्य नव्हतं. तो वर्स्लीच्या कोळशातून आणि कालव्याच्या भाड्यातून येत राहिला. १८११ ते १८२० च्या दरम्यान दऱ्याखोऱ्यांतली हजारो गेलिक भाषक कुटुंबं घरांतून काढून किनाऱ्यावर बसवली गेली, काही घरांची छपरं जाळली गेली. ड्यूकने हे पाहिलं नाही आणि त्याला ते कधी ठाऊकही झालं नाही. पण मँचेस्टरच्या चुलीला स्वस्त कोळसा देणारी तीच मिळकत या उठवणुकीमागेही होती, आणि या घराण्याचा इतिहास लिहिताना दोन्ही गोष्टी एकाच पानावर यायला हव्यात. सदरलँडच्या त्या योजनेचा सूत्रधार जेम्स लॉक हाच पुढे १८३७ मध्ये ब्रिजवॉटर ट्रस्टचा मुख्य कारभारी झाला. त्याच्या काळात, १८४४ मध्ये, ट्रस्टने ज्या नदी कंपनीने ड्यूकला जकातीत सवलत नाकारली होती तीच विकत घेतली.

धाकट्या मुलाने, फ्रान्सिसने, करारानुसार एगर्टन नाव घेतलं आणि १८४६ मध्ये तो एल्समिअरचा अर्ल झाला. १८७२ मध्ये कालवा एका नव्या कंपनीला अकरा लाख वीस हजार पौंडांना विकला गेला. ट्रस्टकडे खाणी आणि जमिनी राहिल्या. मृत्युपत्राने मोजलेल्या व्यक्तींपैकी शेवटची १८८३ मध्ये वारली, त्यावर वीस वर्षं धरून १९ ऑक्टोबर १९०३ रोजी ट्रस्टची मुदत संपली. ज्या कालव्यासाठी तो काढला होता तो तेव्हा मँचेस्टर शिप कॅनॉल कंपनीच्या मालकीचा होता.